शनिवारचा काळोबा

आमच्या घरात कुत्रं आलं ते हौसेनं नव्हे, दादाच्या साडेसातीमुळं आलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिकून घरी बसला होता. नोकरी हातातोंडाशी यायची आणि हुकायची. त्यात एकदा सायकलवरून पडून हात मोडून घेतला. आईनं जोशीबुवांना पत्रिका दाखवली. त्यांनी बोटं मोजली, डोळे मिटले आणि उपाय सांगितला : घरात काळं कुत्रं पाळा, दर शनिवारी त्याला तेल लावलेली पोळी घाला, पोराची पीडा उतरेल. अण्णा, माझे वडील, यष्टीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. देवावर त्यांचा विश्वास होता, कुत्र्यावर नव्हता. पण आईनं एकदा मनावर घेतलं की अण्णांचं काही चालत नसे. औशाकडच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं ज्वारीच्या पोत्यात घालून एक काळंभोर पिल्लू आणून दिलं. आईनं ते उचलून, उलटंपालटं करून, जोंधळे निवडावेत तसं तपासलं. एकही पांढरा केस निघाला नाही, तेव्हा कुठं त्याला आत घेतलं.

आमची गल्ली लातूरच्या गंजाच्या, म्हणजे धान्याच्या आडत बाजाराच्या, मागच्या अंगाला. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, त्याला लाकडी फाटक. समोरच पिठाची गिरणी. तिचा पट्टा फिरायला लागला की घरातलं बोलणं आपोआप वरच्या पट्टीत जायचं, आणि गिरणी बंद झाली तरी आमचे आवाज तसेच राहायचे. परगावचे पाहुणे म्हणायचे, तुम्ही सारखे भांडता का? भांडत नव्हतो, फक्त बोलत होतो. सकाळी चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, डेपोकडून येणारे हॉर्न, गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळातली घंटा, आणि आता ह्या सगळ्यावर काळ्याचं भुंकणं. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायला लागली की तो उखळीभोवती असा फिरायचा की आईला मुसळ घालायला जागा उरत नसे.

आईनं उपाय गुपचूप करायचं ठरवलं होतं. पण आमच्या गल्लीत गुपित म्हणजे चाळणीतलं पाणी. साडेसाती काही आमच्या एकट्या घराला नव्हती. कुणाच्या जावयाला होती, कुणाच्या नवऱ्याला होती, आणि ज्यांना नव्हती त्यांनी पुढची सोय म्हणून सुरुवात केली. बघता बघता शनिवारी सकाळी आमच्या फाटकासमोर बायकांची रांग लागायला लागली. न्हालेल्या, डोक्यावर पदर, हातात ताटली, ताटलीत करडईच्या तेलानं निथळणारी पोळी. पुढं गिरणीवाल्या मालनकाकू असायच्याच. काळ्या फाटकावर उड्या मारायचा, भुंकायचा, कुणाच्या पदराला झोंबायचा, आणि तो जितका जास्त अंगावर यायचा तितक्या बायका खूश. "बगा, कसा वळखतो! जागृत हाय!" मालनकाकूंच्या छातीवर त्यानं दोन्ही पाय ठेवले तर त्यांनी हात जोडले होते. कपाळाला कुंकू, एखाद्या वात्रट पोरानं घातलेली रुईच्या पानांची माळ, आणि नाव काळोबा. शनिवारी.

रविवार उजाडला की तो परत काळ्या व्हायचा. इतकं तेल कुत्र्याच्या पोटात टिकणार कसं? रविवारी सकाळी अंगणात पाय ठेवायची सोय नसे. आई बादलीनं पाणी ओतत त्याच्या सात पिढ्या काढायची. आणि आठवडाभर तमाशे वेगळेच. फाटकाशी कुणी आलं की अंगावर उडी. पोस्टमन लांबूनच पत्र फेकायचा. हातात ताटली, थाळी, डबा काही दिसलं की ओढाओढ. भाकरीची दुरडी शिंक्यावर टांगली तर खाली उभा राहून नरडं फोडायचा. अण्णांच्या वर्कशॉपातल्या खाकी कपड्यांना ऑइलचा वास, तर त्यांच्या बाह्यांची चावून जाळी केली. मग त्याला काठी, लाथा, दावं. बांधला की रडायचा, सोडला की उच्छाद. आई म्हणायची, "पीडा ह्याच्यात उतरलीय, म्हणून असं करतंय." म्हणजे कुत्रं बिघडलं की उपाय लागू पडतोय असं समजायचं. ह्या हिशेबानं ते कधी सुधारायचीच शक्यता नव्हती.

अशा घरात पद्मावहिनी आली. लग्न केलं की दशा पालटते असंही कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून दादाचं लग्न उरकलं गेलं. वहिनी देगलूरची. तिच्या माहेरी अर्धं बोलणं तेलुगूत. अंबाडीच्या भाजीला ती पुंटीकूर म्हणायची आणि ती इतकी झणझणीत करायची की अण्णा घाम पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. उंच, सावळी, चालताना बांगड्या वाजवत चालणारी. नव्या नवरीनं मान खाली घालून राहावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर तिनं ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. ती त्यांच्याकडं बघून आणखी मोठ्यानं हसायची, मग त्यांना हसावं की नाही ते कळायचं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. मी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गात होते, आणि बाईमाणसाला असंही वागता येतं हे मी पहिल्यांदाच बघत होते.

काळ्याशी ती तेलुगूत बोलायची. दुपारी सगळे कामाला नाहीतर झोपेला गेले की दावणीशी बसून त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची. मी विचारलं, "वहिनी, काय सांगतेस त्याला?" ती म्हणाली, "सांगत न्हाई वन्सं, इचारून राहिले. तुला झालंय काय, म्हणून." तिच्या मते सगळ्या जनावरांच्या वागण्याला कारण असतं, माणसांचं मात्र ती खात्रीनं सांगू शकत नव्हती. तिनं पहिलं कारण काढलं ते असं की कुत्रं दिवसभर बांधून चिडलंय. "मलाबी कुणी दाव्याला बांधलं तर मीबी बाह्याच फाडीन की." एका रविवारी तिनं दावं सोडलं.

नेमके त्याच रविवारी लातूरजवळच्या मुरुडहून आबा आले. आबा अण्णांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. कडक इस्त्रीचं धोतर, पांढऱ्या मिशा, हातात वेताची काठी, आणि दुसऱ्या हातात आमच्यासाठी शेतातल्या हुरड्याचा डबा. डबा बघून काळ्यानं जी झेप घेतली, ती थेट आबांच्या छातीवर. आबा फाटकात उताणे. हुरडा मातीत. धोतराचा सोगा काळ्याच्या तोंडात. गल्ली सगळी गोळा झाली, आणि कुणीतरी हसलं. पडल्यापेक्षा आबांना ते हसणं जास्त लागलं.

त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानंच अण्णांना म्हणाले, "पुढल्या आयतवारी मी परत येनार हाव. ह्या घरात येक तर हे कुत्रं ऱ्हाईल, न्हाई तर माजं येनंजानं." अण्णांनी तिथंच सांगून टाकलं की रविवारी एक ट्रक सोलापूरकडं जातोय, त्यात घालून देतो, लांब कुठंतरी सोडतील. आबा गेल्यावर आईनं डोळ्यांना पदर लावला. एकीकडं थोरल्या दिराचा अपमान, दुसरीकडं लेकाचा उपाय ट्रकात बसून चाललेला. मग ती वहिनीकडं वळली. "कुनी सोडलं दावं? आधीच माज्या लेकाचं नशीब फाटकं, त्यात तुजे पाय लागले ह्या घराला." संध्याकाळी वहिनी चुलीपुढं बसून भाकरी करत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. धूर नव्हताच त्या दिवशी.

सोमवारी-मंगळवारी ती फक्त बघत राहिली. आम्ही दोघी अंगणात जोंधळे पाखडत होतो. मालनकाकू कुणाकडं तरी वाण देऊन रिकामी ताटली घेऊन फाटकावरून चालल्या होत्या. ताटली दिसताच काळ्या शेपटी हलवत, आनंदानं किंचाळत फाटकावर उडाला. मालनकाकू ओरडल्या, "हाड! मुडदा बशिवला तुजा!" आणि पायातली चप्पल फेकून मारली. काळ्या मागं सरकला आणि त्यांच्याकडं बघत राहिला. राग नव्हता त्या बघण्यात. नुसता बुचकळ्यात पडला होता. वहिनीच्या हातातलं सूप थांबलं.

"वन्सं, शनवारी हीच बाई हात जोडून हुबी व्हती नव्हं?"

"हो की."

"हीच ताटली?"

"हीच."

ती मांडीवर थाप मारून म्हणाली, "आगं, मग त्याचं काय चुकतंय? शनवारी उडी मारली की पोळी, मंगळवारी मारली की चप्पल. त्यो काय पंचांग बघतो व्हय? त्याला वार कळतेत का?"

मला आजही ते सूप, ते उडालेले जोंधळे आणि तिचा तो खुललेला चेहरा जसाच्या तसा दिसतो. आता मी नांदेडला लेकाकडं असते. अपार्टमेंटमध्ये नातीनं एक तपकिरी, धष्टपुष्ट कुत्रा पाळलाय आणि त्याला वळण लावायला टी-शर्ट घातलेला एक मुलगा मोटारसायकलवरून येतो. परवा तो नातीला समजावत होता, घरातले सगळे एकसारखे वागले पाहिजेत, एकानं लाडानं दिलं आणि दुसऱ्यानं त्याच गोष्टीला मारलं तर कुत्रा बिघडतो. नात माना डोलवत होती. मी आतून चहा आणताना मनात म्हटलं, बाळा, हे आमच्या वहिनीनं जोंधळे पाखडता पाखडता सांगितलं होतं, आणि तिला शिकवायला कुणी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात वहिनीचं राज्य सुरू झालं, पण गुपचूप. बूड टेकून बसला तर भाकरीचा तुकडा. उडी मारली तर पाठ फिरवून आभाळाकडं बघायचं. हाड म्हणायचं नाही, काठी नाही, ओरडणं नाही. "ओरडलं की त्याला वाटतंय आपनबी त्याच्यासंगं भुंकून राहिलाव." बस म्हणण्याऐवजी ती तिच्या भाषेत 'कूर्चो' म्हणायची. पहिल्या दिवशी काळ्यानं तिच्या पाठीवर उड्या मारून मारून चोळी फाडली. ती आभाळाकडंच बघत राहिली. तो थकला, गोंधळला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून खाली बसला. तत्क्षणी तुकडा. त्याचे कान जे उभे राहिले! दादाला तिनं सामील करून घेतलं, तो नवीनच नवरा, बायको सांगेल ते करत होता. अण्णा वर्कशॉपातून आल्यावर फाटकात पाठमोरे उभे राहून आभाळाकडं बघायला लागले, तेव्हा गिरणीपुढच्या लोकांना वाटलं अण्णा ढग बघतायत. अण्णा गालात हसून म्हणाले, "सूनबाई, ट्रक ठरलाय बरं का. मी शब्द दिलाय भावाला." म्हणजे त्यांनाही तो जाऊ नये असं वाटायला लागलं होतं.

पण सगळी मेख शनिवारी होती, आणि शनिवार आईचा होता. आठवडाभराची शिकवण एका सकाळीत तेलात बुडणार हे वहिनीला कळत होतं. शुक्रवारी तिनं आईशी बोलून बघितलं. आई म्हणाली, "देवाच्या कामात तुजी अक्कल नगं."

शनिवारी बायका जमल्या तेव्हा वहिनी फाटकाच्या आत, कडीला हात लावून उभी होती. मी तिच्या शेजारी. तिचा आवाज खणखणीत. म्हणाली, "पोळ्या समद्यांच्या घेते. ह्या टोपल्यात ठिवा. तेल मारुतीच्या दिव्यात वता, त्याचाबी वार आजच हाय. काळोबाला येकेक घास द्यायचा, पन बसल्यावर. उडी मारताना न्हाई."

"देवाला बसाय लावती व्हय ही?" मालनकाकू कडाडल्या.

"देव बसलेलाच बरा असतो काकू."

"इठोबा हुबा हाय की!"

"हुबा हाय, पन उड्या मारत न्हाई."

मागच्या बायका फिसकन हसल्या. मालनकाकूंनासुद्धा हसू आलं असतं, पण तेवढ्यात आई पुढं आली. तिच्या हातात तिची स्वतःची पोळी होती, सगळ्यांत जास्त तेल लावलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाजूला व्हय. माज्या लेकराच्या पीडेचा सवाल हाय. तुला काय, तू काल आलीस."

समोर गिरणीचा पट्टा फिरतच होता. वहिनीनं कडी सोडली नाही. डोळे भरून आले होते, तरी आईकडं सरळ बघत ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचं लेकरू माजाबी नवराच हाय. पीडा जाऊ द्या, मला का नगं? पन ह्यो आज बिघडला, की उद्या ट्रकात जानार. मग फुडल्या शनवारी पोळी कुनाला घालताव?"

हा विचार आईच्या मनात आलाच नव्हता. इतके दिवस ती काळ्यासाठी रडत होती आणि त्याला जायची वाट स्वतःच्या हातानं करून देत होती, हे तिला त्या एका वाक्यात दिसलं असावं. ओसरीवर दादा तोंडात दातवण घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आई, माजी साडेसाती मी सोसतो. कुत्र्याला जुलाब कशाला?" दादाला पुढं नोकरी लागली, चांगली लागली. ती तेलानं लागली की वयानं, हे आमच्या घरात आजवर कुणी ठरवलेलं नाही.

आईनं पोळी मागं घेतली. बोटानं वरचं तेल निपटून परत वाटीत सोडलं. "पन येक बोट तरी ऱ्हाऊ दे," असं वहिनीला म्हणाली, जवळजवळ विनवणीच्या सुरात. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की." मग आई काळ्यापुढं उभी राहिली. काळ्या उडाला. आईनं पाठ फिरवली आणि आभाळाकडं बघितलं. तो पुन्हा उडाला. तिच्या लुगड्यावर पंजे उमटले. ती हलली नाही. तिच्या ओठांत मारुतीचं नाव चाललं होतं. मागं गडबड थांबली तेव्हा ती वळली, तर काळ्या मातीत बुड टेकून, कपाळावर कुंकू घेऊन, समईसारखा स्थिर बसलेला. आईनं घास दिला आणि त्याला हात जोडले. तिच्या मागून एकेक बाई आली, आणि प्रत्येक बाई आभाळाकडं बघून मगच पोळीचा घास देऊ लागली. उरलेलं टोपलं वहिनीनं गंजातल्या भटक्या कुत्र्यांना नेऊन वाटलं.

रविवारी अंगण स्वच्छ होतं. आईनं बादली भरून तयार ठेवली होती, ती तुळशीला घातली.

आबा आले तेव्हा ट्रकवाला फाटकाबाहेर विडी ओढत उभा होता. आबांनी काठी पुढं धरली होती. आतून वहिनी म्हणाली, "आबा, काठी खाली घ्या. हलू नगा, बोलू नगा, वर आभाळाकडं बगा." आबांना हुकूम सोडणारं माणूस त्या घराण्यात जन्मलं नव्हतं. आबा वहिनीकडं रोखून बघत राहिले, आणि मग, कशानं कुणास ठाऊक, त्यांनी काठी खाली केली आणि मिशांसकट तोंड वर केलं. काळ्या धावत गेला. एक उडी मारलीच त्यानं, खोटं कशाला सांगू. धोतराला पंजा लागला. आबा आभाळाकडंच. वहिनी हळूच म्हणाली, "कूर्चो." काळ्या थरथरला, अर्धा उठला, परत टेकला, आणि शेपटीनं माती झाडत आबांच्या पायाशी बसला. वहिनीनं आबांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. आबांनी तो खाली वाकून काळ्यापुढं धरला. काळ्यानं दात न लावता घेतला.

ट्रकवाल्यानं विडी टाकून विचारलं, "काय करायचं मालक?" आबा म्हणाले, "जा तू." मग ओसरीवर बसून, पाणी पिऊन, मिशा पुसत त्यांनी अण्णांना सांगितलं, "कुत्रं ऱ्हाऊ दे. पन ह्या सूनबाईला आठ दिस मुरुडला धाड."

"तिकडं कुठलं कुत्रं हाय आबा?" अण्णांनी विचारलं.

"कुत्रं न्हाई. मानसं हायती. लई बिघडलीत."

अण्णा हसले, दादा हसला, वहिनी पदरात तोंड लपवून हसली. आई दाराआड डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. थोरल्या दिराशी ती आयुष्यात थेट बोलली नव्हती. जे सांगायचं ते माझ्या नाहीतर दादाच्या तोंडून सांगायची. मला वाटलं, आता मला हाक मारेल. पण ती उंबरा ओलांडून बाहेर आली, वहिनीच्या शेजारी उभी राहिली, आणि आबांकडं बघून म्हणाली, "न्हाई धाडत आबा. शनवारी फाटकावर कोन हुबं ऱ्हाईल?"